बेबीताईंचा कठडा

शनिवार, १ मार्च २०२५. उठले ५.४०. आकाश निरभ्र, वारा बेताचा. तांदूळ निवडले, किडा नाही. ९.१० पुढच्या पायऱ्यांवरून घसरले, तीन पायऱ्या. डावा गुडघा, उजवे कोपर. चष्मा शाबूत. हळद लावली. ९.२५ नागसेनला सांगायचे नाही असे ठरवले. ९.३२ रेवीने नागसेनला सांगितले. दुपारी दोडक्याची भाजी.

दोडक्याची भाजी त्या दिवशी तिघांना पुरवावी लागली, कारण पावणेदहालाच मुलगा नागसेन आणि सून सुरभी फ्लॅट बुशच्या आपल्या घरून गाडी हाकत दारात हजर झाले. हे मात्र बेबीताईंनी लिहिलं नाही. त्यांच्या डायरीत पाहुण्यांची नोंद पाहुणे गेल्यावर होते आणि त्या दिवशी लेक-सून गेले तेव्हा बेबीताई इतक्या चिडल्या होत्या की अक्षर बिघडलं असतं. अक्षर बिघडवून लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, असं सिस्टर बेनेडिक्टांचं म्हणणं होतं.

सिस्टर बेनेडिक्टा खडकीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवण शिकवत. रुमालाची दुमड घालून झाली की त्या तो रुमाल स्वतःच्या गालावरून फिरवत. कुठे टोचलं तर काही न बोलता सगळी दुमड उसवून परत देत. हजेरीपटावरची आशालता, म्हणजे घरची बेबी, या बाईंच्या हाताखाली सहा वर्षं होती. तिथून तिने दोन गोष्टी आणल्या. एक, रोज रात्री आठ ओळी लिहिणं. दुसरी, कुठल्याही वस्तूचा काठ आधी हाताने बघणं. पुढे लग्न झालं, नागसेन झाला, खडकीच्या कारखान्यात टूलरूममध्ये असलेले यजमान निवृत्त झाले आणि एक दिवस गेलेही. बेबी सत्त्याहत्तर वर्षांची झाली तरी बेबीच राहिली, फक्त पुढे ताई लागलं. डायऱ्या त्रेसष्ट झाल्या. न्यूझीलंडला येताना त्यांतल्या पंधराच विमानात मावल्या, आणि त्यांच्या शेजारी, साडीत गुंडाळून, यजमानांचा धातू कापायचा हॅक्सॉ. विमानतळावरच्या तरुणाने तो बाहेर काढून विचारलं होतं, हे काय? बेबीताईंनी कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत उत्तर दिलं होतं, "माझे पती."

पहिली पाच वर्षं त्या फ्लॅट बुशला लेकाकडे होत्या. घर प्रशस्त, खालची खोली उजेडाची, सून चांगली. पण तिथे कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा कुणाला तरी गाडीची किल्ली शोधावी लागे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पापाटोएटोमध्ये दोन खोल्यांचं युनिट भाड्याने घेतलं. पायऱ्या उतरलं की पाच मिनिटांत भाजीवाला, सात मिनिटांत ट्रेन, कोपऱ्यावर डेअरी. या देशात डेअरी म्हणजे दूध, पाव, वर्तमानपत्र आणि गल्लीतल्या बातम्या मिळण्याचं दुकान. बेबीताई रोज सकाळी तिथे जात आणि दुधापेक्षा बातम्याच जास्त आणत.

आता प्रश्न त्या पायऱ्यांचाच होता.

"आई, पुरे झालं," नागसेन म्हणाला होता. तो सिव्हिल इंजिनिअर. पुलांवरच्या कठड्यांचे आराखडे तपासणं हे त्याचं काम आणि त्याची स्वतःची आई बिनकठड्याच्या पायऱ्यांवरून गडगडली होती. "आजच चल. खोली तयार आहे."

"पडल्यावर मी स्वतः उठले. उठून हळद लावली. त्यात तुझी खोली कुठे आली?"

"पुढच्या वेळी उठली नाहीस तर?"

"तर रेवी आहेच. त्याला तुझा नंबर पाठ आहे. सात मिनिटांत चुगली."

रेवी म्हणजे शेजारचा, अडुसष्ट वर्षांचा, बस चालवून निवृत्त झालेला माओरी गृहस्थ. चुगलीबद्दल त्याला जरासुद्धा खंत नव्हती. बेबीताईंनी पहिल्या भेटीत आपलं घरचं नाव सांगितल्यापासून तो रोज सकाळी कुंपणावरून माओरी नमस्कार ठोकी, "किया ओरा, बेबी!" नागसेन त्या वेळी तिथे असला तर बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकायचा.

अखेर सुरभीने तोडगा काढला. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवायचा. घरमालकाची हरकत नव्हती. कारागीर सहा आठवडे मोकळा नव्हता, तेव्हा घरच्या घरी बसवायचा. पुढच्या रविवारी, नऊ तारखेला, संध्याकाळपर्यंत कठडा नीट उभा राहिला तर आई इथेच. नाही राहिला तर आईंनी बॅग भरायची.

"लिहून घेते," बेबीताई म्हणाल्या. आणि खरंच लिहून घेतलं, वेळेसकट.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सामान आलं. काळ्या रंगाच्या ॲल्युमिनियमच्या गोल नळ्या, खांब आणि नळीच्या तोंडात ठोकून बसवायची टोपणं. नळ्या लांब होत्या, मापाला कापायच्या होत्या. काप सरळ हवा, नाहीतर टोपण बसणार नाही. आणि काठ गुळगुळीत हवा, नाहीतर येता-जाता हाताला लागेल. नागसेनने त्या रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्ता टाकला. कापायची हत्यारं एका बाजूला, आणि वेग, अचूकता, सुरक्षितता असे रकाने दुसऱ्या बाजूला. बेबीताईंनी तो तक्ता डायरीत उतरवला, खाली पट्टीने रेघ मारली आणि आणखी एक रकाना जोडला. पदर.

"पदर म्हणजे?" नागसेनने फोनवर विचारलं.

"कापलेल्या तोंडावरून माझ्या जुन्या नायलॉनच्या साडीचा पदर ओढायचा. अडकला की नापास."

"आई, अशी टेस्ट कुठल्या स्टँडर्डमध्ये नाही."

"मग तुमच्या स्टँडर्डवाल्यांच्या बायका साड्या नेसत नसतील."

प्रत्येक हत्याराने आधी नळीच्या जास्तीच्या भागाचा एक तुकडा कापून दाखवायचा, असं ठरलं. सोमवारी पहिला मान रेवीचा. तो फिरत्या दगडी चकतीचा ग्राइंडर घेऊनच आला. नळीवर कारखान्यातून आलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा होता, तो काढावा असं त्याने सुचवलं. बेबीताईंनी हात आडवा धरला. नवीन वस्तूचं प्लास्टिक काढायचं असतं का? त्यांच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक फ्लॅट बुशहून तसंच आलं होतं.

ग्राइंडर किंचाळला. रेवीच्या मांजराने कुंपण सोडलं ते संध्याकाळपर्यंत आलं नाही. पापुद्रा वितळून नळीला चिकटला, कडेचा रंग करपला, आणि कापलेल्या तोंडावर गव्हाच्या लोंबीसारखी कुसळं उभी राहिली. बेबीताईंनी पदर ओढला. पदर गेला तिथेच राहिला.

"स्वीट ॲज!" म्हणजे झकास, असं रेवी तुकडा निरखत म्हणाला. मग पदराकडे लक्ष गेलं. "हं. जरा धार आहे, नाही का, बेबी?"

बेबीताईंनी शंभरपैकी एकतीस मार्क दिले. त्यातले वीस रेवीच्या हौसेचे होते.

मंगळवारी त्या मारोतीकडे निघाल्या. मारोती साळवे संभाजीनगरहून कॉम्प्युटर शिकायला आला होता. शिकला, कंटाळला, आणि आता इथला रहिवासी होऊन न्यू लिनला हत्यारं भाड्याने देणाऱ्या दुकानात काउंटर सांभाळत होता. वंदनेला विहारात भेटायचा तेव्हापासून बेबीताईंना मावशी म्हणे. पापाटोएटोहून न्यू लिनला जायचं तर गाडी बदलावी लागते. बेबीताई हातभर लांबीची काळी नळी वर्तमानपत्रात गुंडाळून, भाजीच्या पिशवीतून तिचं तोंड बाहेर काढून दोन्ही गाड्यांतून बसून गेल्या. दोन्ही वेळा शेजारची जागा रिकामीच राहिली.

"जयभीम, मावशी! हे काय, शस्त्र घेऊन आलात?"

"जयभीम. हे कापून दाखव. कुसळ नको, करपट नको."

मारोतीला असं गिऱ्हाईक रोज मिळत नव्हतं. त्याने आधी ग्राइंडरचा निकाल ऐकला आणि मान हलवली. "मावशी, तो दगड लोखंडासाठी. ॲल्युमिनियम मऊ. दगडाच्या भोकांत जाऊन बसतं. मग दगड कापत नाही, नुसता घासतो आणि तापवतो." मग त्याने नळीभोवती फिरवून कापायचं छोटं कटर दाखवलं. त्याने बाहेरून काप सुंदर आला, पदरही सुळकन गेला, पण काठ आतल्या बाजूला दबला आणि टोपण आत जाईना. साठ मार्क. शेवटी त्याने आतल्या खोलीत नेऊन मोठं मशीन दाखवलं. टेबलावर बसवलेली गोल करवत, तिचं पातं खास ॲल्युमिनियमचं, बारीक बारीक दातांचं. नळी शिकंज्यात आवळली, पातं हळू खाली आणलं, आणि तुकडा पडला.

बेबीताईंनी पदर फिरवला. एकदा, दोनदा, डोळे मिटून तिसऱ्यांदा. मग तो तुकडा गालाला लावला.

"मावशी, बरं वाटतंय ना?"

"सिस्टर बेनेडिक्टांनी पास केलं असतं," त्या म्हणाल्या. "शहाण्णव. चार आवाजाचे कापले."

"रविवारसाठी राखून ठेवतो. फक्त एक लक्षात ठेवा. गाडीतून नेता येईल, पण कापताना हे मशीन जागचं हलत नाही. वस्तूने मशीनकडे जायचं, मशीन वस्तूकडे येत नाही."

"तुझ्या नागसेनदादासारखंच," बेबीताई म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

बुधवारी, कुणावर अन्याय नको म्हणून, त्यांनी यजमानांचा हॅक्सॉही परीक्षेला बसवला. मारोतीने दिलेलं बारीक दातांचं नवं पातं लावलं, पाटावर बसल्या, विळी धरतात तशी नळी पायाखाली धरली आणि चाळीस हात मारून एक विसावा या हिशेबाने कापली. मग कानस फिरवली. पदर अडकला नाही. पण अकरा मिनिटं लागली आणि काप अंगठ्याच्या नखाएवढा तिरका गेला. बेबीताईंनी खूप वेळ पेन हातात धरून ठेवलं. मग लिहिलं, अठ्ठ्याहत्तर. यजमान असते तर त्यांनीही मशीनच निवडलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर हॅक्सॉला शिव्या घातल्या होत्या.

गुरुवारी रेवीने खांब उभे केले. वरचे दोन लाकडी ओट्याला बोल्टने आवळले. खालचे दोन जमिनीत, झटपट आवळणाऱ्या काँक्रीटमध्ये. खांबांना टोपणं नव्हती. त्यांच्या उघड्या तोंडांत नळी धरणारा आकडा बसायचा होता. नागसेनने प्रत्येक खांबावर पेन्सिलीने खूण करून दिली होती, खांब तेवढाच आत जायला हवा. पहिला खांब नीट गेला. दुसऱ्या खड्ड्यात रेवीने काँक्रीट ओतलं, खांब उभा केला, आता तो खाली दाबायचा, एवढ्यात दारात बेबीताई आल्या. हातात बशी, बशीत कांदाभजी.

"पाच मिनिटं, बेबी."

"भजी पाच मिनिटं थांबत नाहीत. गरम आहेत तोवर घ्या."

रेवी सज्जन माणूस. त्याने घेतली. मग बेबीताई दुसरा घाणा घेऊन आल्या. एक घाणा खाऊन उठलं तर करणारीला काय वाटेल? मग चहा आला. चहाबरोबर काही नको म्हणणं त्याला जमलं नाही. तो परत खांबाशी गेला तेव्हा काँक्रीटला कुठल्याच भज्याची वाट बघायची नव्हती. ते आवळलं होतं. खांब खुणेपेक्षा चांगला दोन बोटं वर राहिला होता.

"शील बी राइट," रेवी म्हणाला. होईल सगळं ठीक, असा या देशाचा मंत्र आहे. बेबीताईंनी तो ऐकला आणि जे घडलं ते रात्री लिहिलं. सगळं.

रविवारी दुपारी नागसेनची गाडी आली. मागे मशीन, पुढे सुरभी आणि पंधरा वर्षांची नात धम्मदीना, कानात काहीतरी खुपसलेली. नागसेनने कानांना टोप्या, डोळ्यांना चष्मा चढवला आणि दोन नळ्या अशा कापल्या की टोपणं टिचकी मारल्यावर जाऊन बसली. बेबीताईंनी पदर फिरवून मान डोलावली. नागसेन खूष झाला. मग नळी खांबांवर ठेवली. डावीकडची बसली. उजवीकडची खालच्या टोकाला उचलली गेली आणि तिरकी राहिली.

नागसेनने टेप लावला. पुन्हा लावला. "अठ्ठावीस मिलिमीटर वर आहे. रेवी, मी खूण केली होती ना?"

रेवीने टोपी काढून डोकं खाजवलं. तो काही बोलणार नव्हता. चुगली तो फक्त पडण्याची करी.

"खूण बरोबर होती," बेबीताई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि डायरी घेऊन आल्या. चष्मा नाकावर सरकवून स्वच्छ आवाजात वाचलं, "गुरुवार, सहा मार्च. ११.०५ दुसऱ्या खड्ड्यात काँक्रीट ओतले. ११.०६ रेवीला भजी दिली. ११.१३ दुसरा घाणा. ११.१९ चहा व उरलेली भजी. ११.२८ खांब हलत नाही. भज्यांत मीठ किंचित जास्त."

धम्मदीनाने एका कानातलं काढलं. "वेट. आजी डिड इट?"

"मी केलं," बेबीताई म्हणाल्या.

नागसेन पायरीवर बसला. हसावं की रागवावं हे त्याच्या चेहऱ्याला ठरवता येईना. "आई, हे लिहिलं नसतंस तर कुणाला कळलं असतं?"

"मला."

"आता खांब कापायला हवा. आणि मशीन खांबाकडे येत नाही."

"मारोती म्हणालाच होता."

रेवी ग्राइंडर आणायला वळला. बेबीताईंनी तर्जनी वर केली, तो थांबला. रंग करपला असता आणि वरचा आकडा कुसळांवर बसला नसता. सुरभी मऊ आवाजात म्हणाली, "आई, पाच वाजत आलेत. आज चला आमच्याबरोबर. दोन आठवड्यांत दुसरा कुणी मिळेल. खोलीत तुमची ती निळी चादर घातलीय."

दोन आठवड्यांचे सहा महिने होतात हे बेबीताईंना ठाऊक होतं. निळ्या चादरीचं नाव ऐकताच त्या उठल्या, आत गेल्या आणि हॅक्सॉ, पाट आणि वॉशिंग मशीनच्या नळीला आवळायची एक जास्तीची पत्र्याची क्लिप घेऊन आल्या.

"अगं आई, अठ्ठ्याहत्तर मार्क दिले होतेस तू त्याला!"

"वर्गात पहिला आलेला जागचा उठत नाही."

"निदान पातं तरी मला लावू दे." नागसेनने बुधवारचं पातं काढून मारोतीने दिलेलं दुसरं नवं लावलं, चावी आवळली, आणि विजयी मुद्रेने हॅक्सॉ पुढे केला. बेबीताईंनी पात्यावरून अंगठा फिरवला.

"उलटं आहे. दात पुढे. ढकलताना कापतं, ओढताना नाही. तुझ्या बापाने बघितलं असतं तर कठडा राहिला असता बाजूला."

आता सरळ कापाचा प्रश्न. बुधवारचा काप तिरका गेला होता आणि तो का गेला हे त्यांना रात्री पडल्या पडल्या आठवलं होतं. यजमान आधी नळीला कागदाची पट्टी गुंडाळत. पट्टीची कड कडेला जुळली की तीच सरळ रेघ, आणि त्या रेघेवर क्लिप आवळायची, म्हणजे पात्याला टेकू मिळतो. पट्टीसाठी सरळ कडेचा, ताठ कागद हवा होता. नागसेनने खिसे चाचपले. सुरभीने पर्समधून बिल काढलं, ते गोल वळलेलं. बेबीताई हातातल्या डायरीकडे बघत होत्या.

त्रेसष्ट वर्षांत त्यांनी डायरीचं पान फाडलं नव्हतं. चुकलेल्या ओळीवर त्या एक आडवी रेघ मारत, बस्स. त्यांनी पहिलं पान उघडलं, जिथे मालकाचं नाव, रक्तगट, चपलेचं माप आणि अडीअडचणीला कुणाला कळवावे हे लिहायचं असतं. फूटपट्टी लावली आणि पान सरळ फाडलं.

"आई, त्यावर माझा नंबर आहे," नागसेन म्हणाला.

"रेवीला पाठ आहे."

खांबाशेजारच्या पायरीवर पाट मांडला, बसल्या. दुखरा गुडघा बाहेरच्या बाजूला. पट्टी जुळली, क्लिप आवळली, पातं टेकलं. कर्र, कर्र. धम्मदीना शेजारी उकिडवी बसली आणि मोजू लागली, "थर्टी एट, थर्टी नाइन, फोर्टी. ब्रेक, आजी!" आजीने विसावा घेतला. पुन्हा चाळीस. नागसेन दोनदा पुढे आला, दोनदा त्याला कोपराने मागे सारलं गेलं. रेवी हात मागे बांधून असा उभा होता जणू स्वतःच्या बसची परीक्षा चालली आहे. सात विसाव्यांनंतर बांगडीएवढं कडं पायरीवर टणकन पडलं आणि गडगडत थेट रेवीच्या रबरी चपलेपाशी जाऊन थांबलं.

कानस फिरली. मग पदर निघाला, पण धम्मदीना म्हणाली, "लेट मी," आणि तिने आपल्या हूडीची बाही कापलेल्या तोंडावरून ओढली. एकदा. मग गाल टेकवला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

"स्मूद," ती म्हणाली.

आकडा खांबात बसला. नळी आकड्यात बसली. नागसेनने पातळी दोन्ही नळ्यांवर आडवी ठेवली, बुडबुडा मधोमध आला. त्याने कठड्याला खांद्याने धक्का दिला, पुलाला देतात तसा. कठडा हलला नाही. मग तो काही वेळ त्या पाटाकडे, त्या फाटक्या पानाकडे आणि घामेजलेल्या आईकडे बघत राहिला.

"पाच पंचेचाळीस," बेबीताई म्हणाल्या. "संध्याकाळ सहाला होते."

"बरं बाई. रहा." त्याने नळीवरच्या पापुद्र्याचं टोक नखाने उचललं. "हे तरी काढू का?"

"हात लावू नकोस. नवीन आहे."

सुरभी हसली. "चादर परत आणून देते, आई. गुरुवारी." जाताना तिने रेवीलाही थांबवून विचारलं की भज्यांत खरंच मीठ जास्त होतं का. रेवीने छातीवर हात ठेवून नाही म्हटलं, आणि बेबीताईंनी त्याला ते खोटं माफ केलं.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर त्या कठडा धरून पायऱ्या उतरल्या, धरून चढल्या, आणि पुन्हा एकदा उतरल्या, कारण कुणी बघत नव्हतं. रेवी बघत होता, पण त्याने फोन केला नाही. मग हात धुऊन त्या टेबलाशी बसल्या आणि रोजच्या आठ ओळी लिहिल्या. हॅक्सॉचे मार्क दुरुस्त केले नाहीत. एकदा दिलेले मार्क बदलायचे नसतात. शेवटची ओळ लिहिली:

दूध संपले. उद्या सकाळी डेअरीतून आणणे.